गोळीआधी हाताचा वास

विश्रामबागेतल्या वृद्धाश्रमात गोळ्या देणाऱ्या बाई नुसत्या 'जेवले'वर विश्वास ठेवत नाहीत. प्रत्येकाचा उजवा हात हुंगतात. मला ते विचित्रच वाटायचं.

संकष्टीला आईचा उपास होता, तरी ती 'जेवले' म्हणाली. बाईंनी हात हुंगला आणि शुगरची गोळी तिच्या डबीत परत ठेवली.

"आवं आई, आमटीचा वास न्हाई. उपाशीपोटी शुगर लय उतरंल."

"द्या हो, डॉक्टरांनीच लिहिलीय," मी वैतागलो.

"जेवल्यावर लिवलीया." तरी डॉक्टरांना फोन लावून त्यांनी पुन्हा विचारून घेतलं.

बाईंची पाळी सहाला संपते. साताऱ्याला घरी पोचून, चंद्रोदय झाल्यावर मी आश्रमात फोन केला. उचलला त्यांनीच.

"थांबा दादा. आई आत्ताच ताटावरनं उठल्यात. हात हुंगते, मग सांगते."