बारा लंगोट आणि एक खोकं

माझं माहेर जत. तिथं कपडे वाळवणं हे काम मानतच नाहीत. दोरीच्या एका टोकापासून धुणं पसरत दुसऱ्या टोकाला पोचावं, तोवर पहिलं लुगडं कडक झालेलं असतं. धुवायला पाणी नसतं, ही गोष्ट वेगळी. माझी लेक झाली तेव्हा दुष्काळ होता. टँकर आला की बाळंतिणीच्या दोन घागरी आधी बाजूला निघायच्या. बाळाच्या आंघोळीचं पाणी लंगोटांना, लंगोटांचं पाणी फरशीला आणि फरशीवरचं खराट्याने लोटून दारच्या शेवग्याला.

सातव्या महिन्यात मी माहेरी आले होते. लेक तीन महिन्यांची झाली आणि ऐन आषाढात मी तिला घेऊन परत निघाले. यजमान कोयनानगरला, धरणाच्या वसाहतीत ज्युनिअर इंजिनिअर होते. निघताना आईने आपलं जुनं हिरवं लुगडं फाडून शिवलेले बारा लंगोट माझ्या ट्रंकेत ठेवले. प्रत्येकाला एका बाजूला लुगड्याचा लाल काठ ठेवला होता. मी म्हटलं, अजून चार दे. आई म्हणाली, "बारा लय झाली. तुमा पाच जणांस्नी मी सहावर वाढवलं." तिचं गणित चुकलं नव्हतं. ते फक्त जतचं होतं.

सांगली, कऱ्हाड, पाटण असं करत आम्ही पोचलो. भूकंपानंतर बांधलेल्या पत्र्याच्या क्वार्टर्समध्ये आमचं घर. पावसाने पत्रा असा वाजायचा, की नवराबायकोंना भांडायचं तरी ओरडून भांडावं लागे आणि मग सगळ्या ओळीला कळे, म्हणून आम्ही फारसे भांडत नसू. काडेपेटी तांदळाच्या डब्यात ठेवावी लागायची. चपलांना बुरशी यायची. कपडे दोरीवर टाकले की दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसापेक्षा ओले वाटत. तरी मी खूश होते. सहा महिन्यांनी माझं स्वयंपाकघर मला परत मिळालं होतं.

लेकीला मात्र माझ्या आईचा हिशेब ठाऊक नव्हता. बारा लंगोट तिने पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत संपवले. जुन्या चादरी फाडल्या, धोतर फाडलं, तीही भिजून दोरीवर गेली. चौथ्या दिवशी तिच्या मांड्या लालबुंद झाल्या. वसाहतीतल्या डॉक्टरांनी पावडर दिली आणि सांगितलं, कोरडं ठेवा. तेवढंच एक औषध वसाहतीत मिळत नव्हतं.

रविवारी यजमान म्हणाले, "तू दसऱ्यापर्यंत जतला जा. तिथं ऊन आहे."

"ऊन आहे, पाणी कुठाय?" मी म्हटलं.

त्यांनी थोडा विचार केला. "पंधरा दिवस बघू. काही सोय झाली तर झाली. नाहीतर त्या रविवारची सकाळची गाडी."

एखादं यंत्र एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी बसवावं, त्या आवाजात ते बोलले. मला राग आला. रागाच्या खाली भीती होती. सहा महिने हा माणूस एकटा राहिला, शांत झोपला. आता रडणारं पोर आणि ओल्या फडक्यांचं घर त्याला नकोसं झालं की काय, असं मला वाटलं. मी मनात ठरवलं, की लंगोट वाळवून दाखवीन आणि इथंच राहीन.

पहिली मदत शेजारच्या फिटरच्या बायकोने केली. ती पाटणच्या बाजूची. कोंबड्या झाकायचं डालगं घेऊनच ती आली. "वैनी, हितं ऊन दिवाळीला येतंय. तवर ह्येच," म्हणाली. शेगडी पेटवायची, तिच्यावर डालगं पालथं घालायचं आणि त्यावर लंगोट पसरायचे. लंगोट वाळले, यात शंका नाही. पण कोळसा दमट. धुराने लेक खोकायला लागली, आणि दोन लंगोटांना भोकं पडली. बाराचे दहा झाले. डालगं मी धुऊन परत केलं.

मग मी साहेबांच्या बंगल्यातल्या हीटरचा विषय काढला. यजमान म्हणाले, "हजार वॅट." घरात साप निघाला असं सांगावं, तसे म्हणाले. या माणसाचं वीज करणं हे काम आणि वीज वाचवणं हा धर्म. कोयनेच्या पाण्यावर कुठकुठल्या शहरांत रोषणाई चालायची, आणि आमच्या घरात दोन दिवे एकदम लागले की त्यातला एक विझायचा. आंघोळीला जाताना ते खोलीतला दिवा मालवून जात आणि मी अंधारात बसले आहे, हे त्यांना आंघोळीनंतर कळे.

मंगळवारी ते ऑफिसातून एक लाकडी खोकं घेऊन आले. कसल्यातरी सुट्या भागांचं, साहेबांना विचारून आणलेलं. विचारल्याशिवाय त्यांनी खिळासुद्धा आणला नसता. आत साठ वॅटचा एक दिवा, वर तारा ताणलेल्या, तारांवर सहा लंगोट. उष्णतेचा कणही वाया जाऊ नये म्हणून फटींमध्ये कापूस कोंबलेला. पेन्सिल कानावर ठेवून त्यांनी मला समजावलं, की कमीत कमी विजेत जास्तीत जास्त वाळणं कसं साधतं. मला त्यातलं निम्मं कळलं आणि सगळं खरं वाटलं.

दोन तासांनी दार उघडलं. वाफेचा लोट बाहेर आला. आत अळूवड्या ठेवल्या असत्या तर उत्तम झाल्या असत्या. लंगोट उकडले होते.

ते वाकून बघत राहिले. मी म्हटलं, "अहो, ह्याला भोकं पाडा. खाली दोन, वर दोन."

"उष्णता बाहेर जाईल."

"ओल कुठून जाणार मग? आमच्याकडे रात्रीसुद्धा कपडे वाळतात. तेव्हा काय ऊन असतं? वारं असतं."

जतच्या पोरीने कोयनेच्या इंजिनिअरला शिकवावं, हे त्यांना जड गेलं असणार. पण माणूस सरळ. त्यांनी पेन्सिल कानावरून काढून ड्रिल हातात घेतलं. भोकं पडली आणि बुधवारी दुपारपर्यंत तीन लंगोट खडखडीत वाळले. हातात घेऊन मी ते गालाला लावून पाहिले.

त्यानंतर खोक्याची किमया वाढतच गेली. दुपारी मी लेकीला निजवून येई तेव्हा टेबलावर कोरड्या लंगोटांची चळत माझ्या अंदाजापेक्षा दोनतीनने मोठी असे. कुठला लंगोट दोरीवर, कुठला बादलीत, कुठला खोक्यात, याचा मला ताळमेळ राहिलेला नव्हता. त्यामुळे सगळं श्रेय मी खोक्याला दिलं. यजमान जेवायला आले की त्यांच्यासमोर खोक्याचं कौतुक करी. ते मान खाली घालून भात कालवत. फिटरची बायको बघायला आली, तिच्यामागून आणखी तिघी आल्या. "दिव्याचा गुण हाय," ती म्हणाली, आणि तिने नवऱ्यामागे लागून तसंच खोकं करून घेतलं. मी आईला पत्र लिहिलं, की जावयाने असं यंत्र केलंय, की जतचं ऊन झक मारतं. लेकीच्या मांड्यांवरची लाली उतरली.

दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारी पहाटे तारांवर झाड पडलं आणि वसाहतीतली वीज गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी त्या दिवशी शब्दशः पाहिला. खोकं दिवसभर थंड. आणि दुपारी टेबलावर तीन लंगोट, कोरडे, नीट घडी घातलेले.

मला वाटलं, शेजारणीने शेगडीवर वाळवून आणून ठेवले. मी आभार मानायला गेले. "मी कुटली आणू वैनी?" ती म्हणाली. "माझा कोळसाच भिजलाय. आमी सकाळपास्नं च्या न्हाई प्यालो."

यजमानांना विचारायचं मी टाळलं. रविवार दोन दिवसांवर आला होता आणि जा की राहा, एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. मी विचारायचं आणि त्यांनी गाडीची वेळ सांगायची, एवढा अपमान मला सोसला नसता. शनिवारी सकाळी मीच ट्रंक खाली काढली. मुद्दाम दारासमोर ठेवली आणि मुद्दाम आवाज करत भरली.

दुपारी ते आले. रेनकोट काढला, ट्रंकेला वळसा घातला आणि गमबूट काढायला वाकले. वाकले ते खोकलेच. शर्ट ताणला गेला आणि दोन बटणांच्या मधून माझ्या आईच्या लुगड्याचा लाल काठ बाहेर आला.

मी पुढे झाले आणि ते बटण काढलं. बनियनच्या आत, पोटाला लपेटून, दोन लंगोट. वर छातीशी आणखी एक, बनियनच्या गळ्यातून बाहेर आलेला.

"हे काय?"

"लंगोट," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"मागल्या आठवड्यातल्या गुरुवारपासून. खोकं दिवसाला सहाच देतं. ते पुरत नाहीत." मग त्यांना समजावून सांगायचा मोह झालाच. "अंगाची उष्णता तशीही वायाच जाते. वीज अजिबात नाही. सकाळी घातले की जेवणापर्यंत होतात. फक्त साहेबांसमोर वाकायचं नाही."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"तू खोक्याचं कौतुक करत होतीस."

मी ते लंगोट हातात घेतले. कोरडे होते आणि ऊबदार होते. त्यांच्या पोटावरची कातडी मात्र गार पडलेली, पाण्यात भिजलेल्या बोटांसारखी सुरकुतलेली. नऊ-दहा दिवस हा माणूस सासूच्या ओल्या लुगड्यात खुर्चीवर ताठ बसून होता आणि मी त्याच्यावर रुसून ट्रंक भरत होते. मला रडू आलं. मी विचारलं, "उद्याची गाडी?"

ते ट्रंकेकडे बघत म्हणाले, "मी चौकशी केलेली नाही."

एवढंच बोलले. त्यांच्या मानाने ते फार होतं. ट्रंक मी त्याच दुपारी रिकामी केली आणि त्यांच्या छातीला तेल चोळलं. परवा माझी ही लेक कपडे वाळवायचं यंत्र घ्यायला गेली आणि दुकानातून तिने मला फोन केला. कुठल्या यंत्रावर किती तारे, कुठलं वीज कमी खातं, ते वाचून दाखवत होती. मी तिला म्हटलं, आमच्याकडचं यंत्र गमबूट घालून ऑफिसला जायचं. तिला वाटलं, आईला ऐकू आलं नाही.

खोक्याचं सत्य मी वसाहतीत कुणाला सांगितलं नाही. फिटरच्या बायकोचं खोकं काही तितकं चालेना. तिला वाटायचं, आमच्या इंजिनिअरांनी एखादी भोकाची जागा लपवून ठेवली. पुढे तिने त्यात कोंबड्या ठेवल्या.

ट्रंक रिकामी केली त्यानंतरच्या सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना यजमान दारात थांबले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. मी दोन लंगोट घट्ट पिळले, घडी करून त्यांच्या पोटाशी बसवले, वरून बनियन ओढलं. गार लागताच त्यांनी डोळे मिटले. मग हात तसेच वर ठेवून म्हणाले, "चार बसतील."