धाकट्यासाठी ठेवलेल्या सळया

शिक्रापुरात घर बांधताना आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गच्चीवर खांबांच्या सळया वर काढून ठेवल्या होत्या. आमच्याकडं सगळेच ठेवतात, पुढच्या मजल्यासाठी. खालचं घर माझं, वरचा मजला धाकट्या भावाचा. तो दौंडला भाड्याच्या खोलीत राहायचा आणि दर सणाला येऊन सळया बघून जायचा. वर्षानुवर्षं त्या उन्हात करपल्या, पावसात भिजल्या. हल्ली तर अवकाळी कुठल्याही महिन्यात झोडपतो. ते पाणी सळयांच्या कडेनं थेट खांबात उतरायचं.

मध्यंतरी भूकंपाचा हलकासा धक्का बसला. मोठा ट्रक गेल्यावर हादरतं, तेवढंच हादरलं. पण आमच्या भाडेकरणीच्या खोलीत छताचं ढलपं सुटलं आणि पीठ मळत बसलेल्या तिच्या खांद्यावर आदळलं. हाड मोडलं. परातीतलं पीठ लाल झालं होतं.

त्याच आठवड्यात धाकटा मिस्त्री ठरवून आला. मजला चढवायचाच, म्हणाला. खांब पेलणार नाहीत म्हणून मी नाही म्हटल्यावर त्यानं गच्चीवरच माझी कॉलर धरली. त्याचा हिस्सा गिळायला निघालो म्हणे. माझं डोकंच फिरलं. मी घण उचलून खांबाच्या बुंध्यावर घातला. दोन घावांत काँक्रीट गळून पडलं आणि आतून गंजाचा भुगा निघाला. तो मी त्याच्या तोंडाला फासला. त्यानं सेंट्रिंगची फळी माझ्या जबड्यावर हाणली, दात हलले. मी त्याला ढकललं तो थेट सळयांवर. दंड फाटला, आणि सळई बुडातून मोडली.

तो दंड धरून खाली बसला. म्हणाला,

"दादा, माझा मजला पेलायचा न्हाई म्हंतोस. मग तुझी पोरं कशाच्या जोरावर झोपत्यात खाली?"

इतका संताप आला की पुन्हा घण उचलावासा वाटला. पण खालचं घरही त्याच खांबांवर उभं होतं. त्याच्या दंडाला टॉवेल आवळला आणि खाली गेलो. रक्त थुंकत भाडेकरूंना सामान काढायला सांगितलं. बायकोला म्हणालो, पोरांना घेऊन आधी रस्त्यावर जा.

आप्पा बाजेवरून उठेनात. स्वतः बांधलेल्या घरातच मरणार म्हणे. मी त्यांच्या काखेत हात घातला, तर त्यांनी काठी माझ्या कानशिलावर हाणली. पुन्हा उगारली.

"हाणा आप्पा," मी म्हणालो, "पर भायेर चला आन् तिथं हाणा."