बरगे घालायचा दिवस

आमच्या गावात भांडल्याशिवाय ठरणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे ओढ्यावरच्या बंधाऱ्यात बरगे घालायचा दिवस. बाकी जत्रेच्या मंडपाचा रंग कुठला, यावरसुद्धा आम्ही वर्षभर तोंडं फिरवून बसतो. पण बरग्यांचा दिवस भरमू आप्पानं सांगायचा आणि गावानं फावडी घेऊन यायचं. त्याच्या आधी त्याचा बाप सांगायचा. बाप गेला, त्या साली कुणी काही न ठरवताच सगळे आप्पाकडं बघू लागले आणि ते काम त्याच्या गळ्यात पडलं.

बेळगुंदीच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. पावसाळ्यात भात आणि रताळी, नंतर जे काही पिकायचं ते या बंधाऱ्यावर. बंधारा म्हणजे ओळीनं उभे दगडी खांब. पावसाळाभर त्यांच्यामधली जागा मोकळी ठेवायची, पूर निघून जातो. पाऊस सरला की खांबांच्या खाचांतून लाकडी फळ्या एकावर एक उतरवायच्या. त्या फळ्यांनाच बरगे म्हणतात. बरग्यांच्या दोन ओळी आणि मधे चिकणमाती तुडवून भरायची. मग पाणी अडतं, दोन्ही काठांच्या विहिरींना पाझर सुटतो आणि उन्हाळा लागेपर्यंत मिरची, कोबी, काकडी निघते. बरगे लवकर घातले आणि मागून पूर आला तर पाणी काठ फोडून शेतात घुसतं. उशीर झाला तर अडवायला पाणीच राहत नाही. एवढं सगळं त्या एका दिवसावर होतं.

आप्पा माझा भावकीतला चुलता. मी बेळगावात एका बँकेत कारकुनी करतो आणि सकाळ-संध्याकाळ शेतात राबतो, त्यामुळं दोन्हीकडं मला लोक अर्धाच माणूस समजतात. आप्पा पूर्ण शेतकरी. विचारलं तेवढंच बोलायचा, आणि तेही मेहेरबानी केल्यासारखं.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला ओढ्यात एक काळा दगड आहे, बसलेल्या म्हशीसारखा. सगळे त्याला म्हशीचा दगड म्हणतात. पावसाळ्यात तो दिसतच नाही. ओढा उतरू लागला की त्याची पाठ उघडी पडते, शेवाळानं हिरवीगार. आप्पा रोज सकाळी पाण्यात उतरून ते शेवाळ अंगठ्याच्या नखानं खरवडायचा. ओलं शेवाळ नखाला चिकटतं. पाऊस खरोखरच सरला असेल तर ते पांढरं पडून कांद्याच्या सालीसारखं सुटतं. तसं सुटलं की आप्पा मारुतीच्या कट्ट्यावर येऊन बसायचा आणि म्हणायचा, "परवा." अंबुबाई, म्हणजे त्याची बायको, बायकांत म्हणायची की एवढ्या मायेनं या माणसानं कधी घरच्या म्हशीच्या पाठीवरसुद्धा हात फिरवला नाही. आप्पा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. तीस-एक वर्षं त्याचा दिवस चुकला नाही.

तीन वर्षांपूर्वी दसरा झाला, आकाश धुतल्यासारखं निळं झालं, शेवाळ सुटलं आणि आप्पा "परवा" म्हणाला. नेहमीप्रमाणे नारळ फुटला, पहिला बरगा त्यानं उतरवला, आम्ही गुडघाभर चिखलात माती तुडवली. बंधारा काठोकाठ भरला. लोकांनी भातकापणीला हात घातला.

दिवाळीच्या तोंडावर समुद्रात कुठंतरी वादळ झालं आणि त्याचा पाऊस आमच्या डोंगरावर येऊन कोसळला. असा पाऊस श्रावणातसुद्धा पाहिला नव्हता. आप्पा आणि मी बरगे उपसायचे लोखंडी आकडे घेऊन बंधाऱ्यावर धावलो. दोन बरगे निघाले. बाकीचे पाण्याच्या दाबानं खाचांत असे बसले की मागून आलेल्या दहा माणसांनाही हलले नाहीत. दुपारी डावा काठ फुटला आणि ओढा यशोदाबाईच्या शेतातून वाहू लागला.

यशोदाबाई ही आप्पाची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली, तेव्हा आप्पानं बंधाऱ्याला लागून असलेला आपला सगळ्यात चांगला तुकडा तिला करायला दिला होता. तिचं भात कापून शेतात पसरलेलं होतं. ते पेंढीसुद्धा न उरता गेलं, आणि त्याखालची माती गेली. पाणी ओसरल्यावर तिथं नुसते गोटे दिसत होते. गावात कुणी आप्पाला तोंडावर बोललं नाही, पाठीमागं सगळे बोलले. यशोदाबाई मात्र त्याच्या दारात येऊन एवढंच म्हणाली, "तू सांगितलास म्हणून न्हाय गेलं अण्णा. पाणी आलं म्हणून गेलं." मला वाटतं, तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यानंतर तो आठवडाभर नीट जेवला नाही, असं अंबुबाईनं माझ्या बायकोला सांगितलं.

पुढच्या साली गणपती बसवले आणि पाऊस जो गेला तो आलाच नाही. नवरात्राच्या आधीच म्हशीची पाठ कोरडी ठणठणीत. मी स्वतः नख लावून बघितलं, शेवाळ सुटत होतं. पण आप्पा काही बोलेना. लोक कट्ट्यावर वाट बघत बसायचे, आप्पा यायचा आणि आकाशाकडं बघून परत जायचा. त्याचा मुलगा ओमकार बेळगावात कारखान्यात कामाला आहे. तो मोबाईलमध्ये बघून पाऊस सांगायचा. मोबाईल म्हणाला मोठा पाऊस आहे, आणि तो पडलाही, पण खानापुराकडं. आमच्याकडं नुसते ढग येऊन गेले. आप्पाला मात्र तेवढ्यानं धीर आला असावा. "थांबा," तो म्हणाला, "मागल्यासारखं हुईल." दिवाळी झाली, पाऊस नाही. बरगे घातले तेव्हा ओढ्यात घोटाभर पाणी होतं, आणि ते आम्ही मोठ्या थाटात अडवलं. त्या साली कुणाची मिरची झाली नाही. विहिरीच्या तळाशी बेडकंसुद्धा उरली नाहीत.

माझा आप्पावर राग नव्हता. राग कुणावर धरायचा तेच कळत नव्हतं, आणि असा राग फार वाईट असतो. तो घरातल्या माणसांवर निघतो.

गेल्या दसऱ्याला परत तोच प्रश्न. मला वाटलं होतं की आता गाव आप्पाला विचारणार नाही. पण सगळे कट्ट्यावर जमले आणि त्याच्याकडंच बघत राहिले. आपण दिवस सांगावा असं कुणालाच वाटत नव्हतं. चुकला तर दुसऱ्याचा चुकावा, एवढीच प्रत्येकाची इच्छा होती, माझीसुद्धा. आप्पालाही ते कळत होतं.

सकाळी मी त्याच्याबरोबर ओढ्यात उतरलो. दगडाची पाठ अर्धी हिरवी, अर्धी पांढरी. त्यानं एका जागी नख लावलं, मग दुसऱ्या जागी लावलं. नंतर हात धुतला आणि ओल्या तळव्यानं दगड नुसता थोपटला.

"काय म्हणतोय, आप्पा?" मी विचारलं.

"काय म्हणणार? दगड हाय त्यो."

आणि तसाच कट्ट्यावर येऊन तो म्हणाला, "परवा." पूर्वीसारखाच, तितक्याच ठाम आवाजात. लोकांचे चेहरे उजळले. जो तो फावडी काढायला घरी पळाला. एवढा आनंद मला बघवला नाही.

बरगे घातले. पूर आला नाही. ओढ्याला धार होती, त्यामुळं बंधारा बऱ्यापैकी भरला आणि गावानं मिरची लावली. यशोदाबाईनं दोन वर्षं पाट्यांनी माती वाहून त्या गोट्यांवर पसरली होती. त्या पातळ मातीत तिनंही ओळी लावल्या. आप्पा बरोबर ठरला, असं लोक बोलू लागले. मीही बँकेत दोघा-तिघांना ते कौतुकानं सांगितलं.

मार्गशीर्षात थंडी पडायची, ती पडली नाही. भर दुपारी चैत्रासारखं ऊन तापायचं. बंधाऱ्याचं पाणी दिवसेंदिवस उतरू लागलं, विहिरींचा पाझर मंदावला. एका रविवारी मी बघितलं तर म्हशीचा दगड पाठीपासून पोटापर्यंत उघडा होता. एरवी तो असा होळीनंतर दिसतो. आप्पाला सांगावं म्हणून मी ओढ्याच्या वळणाआड असलेल्या त्याच्या शेतात गेलो. तिकडं एरवी माझं जाणं होत नाही.

शेत मोकळं होतं. नांगरलेलं, सरी पाडलेली, आणि एकही रोप लावलेलं नाही. कडेच्या वाफ्यात मिरचीची रोपं तशीच दाटीनं उभी होती, जून होऊन पिवळी पडलेली. आप्पा बांधावर बसला होता.

"आप्पा, रोपं लावली न्हायसा?"

"न्हाय."

"सगळ्यांना लावायला सांगून?"

"तुमी दिवस मागितलासा, मी दिला." तो माझ्याकडं न बघता बोलला. "न्हाय दिला असता तर तुमी बरगेच घातला नसता. काय तरी सांगायला पायजे हुतं."

"मग खोटं सांगितलासा?"

"खरं काय हाय ते म्हायती असतं तर तेच सांगितलो असतो की रं."

मला त्याचा राग यायला हवा होता. पण त्याच्या अंगठ्याकडं लक्ष गेलं. ते नख त्यानं मुळापर्यंत कापून टाकलं होतं.

तेवढ्यात बांधावरून यशोदाबाई आली. तिची विहीर आटली होती, म्हणून आप्पाच्या विहिरीतून दोन घागरी न्याव्यात आणि रोपं जगवावीत, या विचारानं ती आली होती. तिनं रिकामं शेत बघितलं, पिवळी रोपं बघितली. माझ्याकडं एकदा बघितलं. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"गावाचं काय बी असू दे," ती हळू म्हणाली. "पर मी तुला येगळं इचारलो हुतो अण्णा. घरात येऊन इचारलो हुतो. मला तरी खरं सांगायचं हुतं."

आप्पानं मान वर केली नाही.

ती विहिरीवर गेली, तळातलं गढूळ पाणी शेंदून दोन घागरी भरल्या, एक डोक्यावर आणि एक काखेला घेऊन आमच्यासमोरूनच आपल्या शेताकडं गेली. संध्याकाळपर्यंत ती त्याच्या विहिरीवर येत होती आणि एकेका रोपाच्या बुडाशी तांब्यातांब्यानं पाणी घालत होती.