काढा म्हटल्याशिवाय

माझे चुलते रोज सकाळी डेअरीत दूध घालायला स्वतः जातात, वाटेत तीन ठिकाणी चहा पितात आणि घरी येऊन एकदाच प्यालो म्हणून सांगतात. माणूस ठणठणीत आहे. पण परदेशातल्या एका सेवाभावी संस्थेच्या पोस्टरवर ते मेलेले आहेत, आणि तिथं त्यांना मारायला कॅमेरा माझा लागला. हे आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते, आणि राग नेमका कुणावर काढावा हे दरवेळी नव्यानं ठरवावं लागतं.

मी फोटोग्राफर. लग्नसराईत बारामती-इंदापूरची लग्नं करतो, आणि सराई संपली की दोन-तीन महिने बाहेरच्या देशात जाऊन संस्थांसाठी फुकट फोटो काढतो. शाळा, दवाखाने, बोअरवेल, लस टोचून घेणारी पोरं, असले. गावात याला कुणी काम समजत नाही. तात्या, म्हणजे हेच चुलते, म्हणायचे की बारशाचे फोटो फुकट काढ म्हटलं तर हा तोंड वाकडं करतो आणि तिकडं विमानात बसून फुकट काढायला जातो. त्यात खोटं काही नव्हतं. मला फिरायला आवडायचं आणि आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो असं चारचौघांत सांगायलाही आवडायचं. खरं सांगायचं तर दुसरंच जास्त आवडायचं.

धंदा मी शिकलो इंदापुरात, स्टँडजवळच्या एका स्टुडिओत. मालकांना सगळे आबा म्हणायचे. तहसील कचेरीत अर्ज द्यायला आलेली माणसं आधी आमच्याकडं फोटोला यायची. भिंतीवर आरसा, दोरीला बांधलेला कंगवा, पावडरचा डबा आणि खिळ्याला अडकवलेला एक काळा कोट. तो कोट सगळ्या तालुक्याला यायचा, कारण आबांनी तो पाठीमागून उसवून ठेवला होता. आणि आबांचा एकच नियम होता. गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडानं 'काढा' म्हणेपर्यंत बटणाला बोट लावायचं नाही.

एकदा बौद्ध वस्तीतले एक म्हातारे गृहस्थ आले. मुलीला बँकेत नोकरी लागली होती आणि पहिल्या पगाराच्या आनंदात तिनं वडलांना फोटो काढायला पाठवलं होतं. त्यांनी आमच्या खिळ्यावरच्या कोटाकडं बघितलंसुद्धा नाही. स्वतःचा, इस्त्रीचा, पिशवीतून घडी न मोडता आणला होता. बसले, उठले, खिशाचं पेन सरळ केलं, चष्मा पुसला, पुन्हा बसले. बाहेर चार माणसं खोळंबलेली. मी दोनदा बटणाकडं बोट नेलं आणि आबांनी दोनदा माझं मनगट धरलं. अर्ध्या तासानं त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "काढा." ते गेल्यावर मी कुरकुर केली तेव्हा आबा म्हणाले, "आपन कसं दिसायचं ते त्यास्नी ठाव हाय. तू कोन ठरवनार?"

एवढं शिकून मी एका परदेशी संस्थेसाठी टांझानियाला गेलो आणि पहिल्याच आठवड्यात विसरलो.

तिथल्या कामाच्या प्रमुख एक बाई होत्या. स्वभावानं वाईट नव्हत्या, माझ्या शाकाहारी जेवणाची आठवणीनं सोय करायच्या. पहिल्या संध्याकाळी त्यांनी माझे फोटो बघितले आणि नाक मुरडलं. सगळे लोक उभे राहून, कपडे नीट करून, समोर बघतायत. असले फोटो बघून कुणी मदत करत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. माणूस तयार व्हायच्या आधीचा हवा. त्याला त्या 'खरा' म्हणायच्या. मग मी तेही शिकलो. लांबची लेन्स लावायची, माणूस वळायच्या आत काम उरकायचं. बाईंनी पाठ थोपटली आणि मला वाटलं, आबा म्हणजे जुनं खोड, त्यांना काय कळतंय.

तिथल्या विहिरीवर बायका मला बघितलं की हात वर करायच्या, डोक्याचं फडकं सावरायच्या आणि म्हणायच्या, "न्गोजा." मला वाटलं, हा त्यांचा रामराम. मीही दात काढून उलट "न्गोजा, न्गोजा" करायचो आणि फोटो काढायचो. दोन आठवड्यांनी गाडीच्या ड्रायव्हरला सहज विचारलं, तर तो म्हणाला, न्गोजा म्हणजे थांब. सगळं गाव दोन आठवडे मला थांब म्हणत होतं, आणि मी त्यांनाच उलटून थांब म्हणत त्यांचे फोटो काढत होतो. त्या वेळी मला हसू फुटलं. घरी येऊन चार मित्रांना सांगितलं, तेही पोट धरून हसले. आज त्या हसण्याचाच जास्त राग येतो.

त्याच वर्षी थंडीत मी वडगाव निंबाळकरला घरी होतो. सकाळी काकी गोठ्यात धारा काढत होती. काकी म्हणजे तात्यांची बायको. मी तिच्याच हातचं खाऊन वाढलो. आमच्याकडं धारा आधी आणि अंघोळ मागून. त्यामुळं नुसतं तोंड धुतलेलं, कपाळ मोकळं, मंगळसूत्र बादलीत लोंबू नये म्हणून पोलक्यात खोचलेलं, पदर खांद्यावरून घसरलेला. पत्र्याच्या फटीतून उजेड आला होता. मी कॅमेरा उचललेला तिनं बघितला आणि म्हणाली, "थांब रं, कुकू लावून येते."

मी म्हटलं, असंच छान आहे काकी. आणि काढला. फोटो चांगला आला. वाईट आला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

पुढं संस्थेनं स्वयंसेवकांकडून त्यांच्या घरादाराचे फोटो मागवले, ओळख करून द्यायला म्हणून. मी दहा पाठवले, त्यात हाही गेला. सोबत एक अर्ज होता, फोटो वापरायला संबंधितांची हरकत नाही असा. मी त्यावर खूण केली. काकीला विचारावं हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. घरचं माणूस, त्याला काय विचारायचं?

वर्षभरानं पुण्याहून चुलत बहिणीचा, काकीच्याच मुलीचा, फोन आला. ती ऑफिसात बसून कुठलंतरी संकेतस्थळ चाळत होती आणि समोर तिची आई आली. त्या फोटोखाली इंग्रजीत लिहिलं होतं, नवऱ्याच्या मृत्यूनंतर ही स्त्री एकटीच गुरं सांभाळते, तुमच्या मदतीनं तिची सकाळ बदलेल. मी ते उघडून बघितलं. त्यांनी फोटो खालून कापला होता. का कापला, ते मला लगेच कळलं. खाली तिचे हात होते, आणि दोन्ही मनगटांत भरगच्च हिरव्या बांगड्या होत्या. आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा त्या बांगड्या बघून सांगेल की या बाईचा नवरा जिवंत आहे.

बहिणीनं रविवारी घरी येऊन आईबापाला ते दाखवलं. मी बारामतीहून मोटरसायकलवर पोचलो तेव्हा तात्या ओट्यावर बसले होते. म्हणाले, "या. दहाव्याला आलासा जनू?" ते हसत होते. मीही हसायचा प्रयत्न केला. काकी गोठ्यात संध्याकाळच्या धारेला बसली होती, तिनं मान वर केली नाही. मी जवळ जाऊन उभा राहिलो, चुकलं म्हटलं.

"मी थांब म्हनलं हुतं तुला," ती म्हणाली.

गायीच्या कासेवरून हात फिरवत ती पुढं म्हणाली, "गाय पान्हवल्याबिगर धार काढतो का रं आपन?"

मग तिनं मला काम सांगितलं. तो फोटो जिथं कुठं लावलाय तिथं जायचं आणि उतरवून आणायचा. तिच्या मनात एक भिंत होती, एक खिळा होता. मी तिला सांगितलं की तसं नसतं, तो एका जागी नाही, पोस्टरवर छापलेलाही आहे आणि हजार ठिकाणी फोनवर दिसतो. तिनं विचारलं, "म्हंजी किती जागी मेल्यात हे?" ओट्यावरचं तात्यांचं हसणं तेवढं ऐकून थांबलं.

मी संस्थेला लिहिलं. तीन दिवसांनी उत्तर आलं. त्यांना वाईट वाटलं होतं. त्यांच्याकडं भारताची माहिती असणारं कुणीतरी होतं, त्यानं सांगितलं होतं की भारतात कपाळावर काही नसलेली बाई विधवा असते. त्यांनी 'विधवा' अर्थाची ओळ काढायची तयारी दाखवली, पण फोटो ठेवू द्यावा अशी विनंती केली, कारण तो चांगला चालतोय. चालतोय! माझ्या काकीचं कपाळ चालतंय! त्यांना कुंकू अजिबात ठाऊक नसतं तरी परवडलं असतं. त्यांना ते बरोबर एवढंच ठाऊक होतं, की एका धडधाकट माणसाला मारता यावं. आणि बांगड्या कापणाऱ्याला तर काहीतरी नक्कीच कळत होतं. मी दुसरं पत्र लिहिलं, चांगलं कडक. त्यावर त्यांनी माझाच अर्ज मला परत पाठवला, माझ्या हातची खूण असलेला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बोंब मारायची कुणाच्या नावानं?

मी काकीला खरं ते सांगितलं, की ते उतरवत नाहीत. ती म्हणाली, मग तो फोटो मला तरी कागदावर आणून दे.

मी इंदापूरला आबांकडं गेलो. स्टुडिओ आता मुलगा बघतो, पण आबा खुर्चीत बसलेले असतात. मी पूर्ण फोटो दाखवला, बांगड्यांसकट. त्यांनी चष्मा वर करून तो बराच वेळ बघितला. "काढा म्हनली व्हती का?" एवढंच विचारलं. मी खाली बघितलं. त्यांनी मुलाला मोठा प्रिंट काढायला सांगितला आणि तो माझ्या हातात देताना माझ्याकडं बघितलं नाही. संस्थेच्या पत्रानं मला जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं.

काकीनं हात धुतले, पदराला पुसले आणि प्रिंट ओट्यावर ठेवला. आत जाऊन करंडा घेऊन आली. बोटावर कुंकू घेऊन तिनं फोटोतल्या कपाळावर टेकवलं, पण कागद गुळगुळीत, कुंकू राहीना, सगळं घरंगळून पदरावर. मग ती पुन्हा आत गेली आणि तिच्या सासूच्या वेळची मेणाची डबी शोधून आणली. आधी मेणाचा ठिपका, त्यावर कुंकू. दाबून, गोल, रोज स्वतःला लावते तसं. तात्या बाजूला उभे होते आणि त्यांना काहीही गंमत सुचत नव्हती.

"ह्यो धाड," ती म्हणाली. "म्हनावं, ही लावा."

मी त्या प्रिंटचा फोटो काढून पाठवला. सोबत एक ओळ लिहिली की काकी अशी दिसते, आणि तिचा नवरा जिवंत आहे. या वेळी उत्तर त्याच दिवशी आलं. टांझानियातल्या त्याच बाईंचं. त्या हरखून गेल्या होत्या. फोटोतल्या कपाळावर तो लाल ठसा, त्या बोटाची खूण, इतकं खरं, इतकं ताकदीचं काही त्यांनी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. पुढच्या मोहिमेच्या पोस्टरवर हाच हवा होता. तात्यांबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं. खाली तोच अर्ज जोडला होता आणि मी कुठं खूण करायची ती चौकट पिवळी करून दिली होती.

माझ्या तोंडात आल्या तेवढ्या शिव्या मी टाइप केल्या. मग पुसल्या. त्या वाचून बाईंना त्याही खऱ्या आणि ताकदीच्या वाटल्या असत्या.

फोन घेऊन मी गोठ्यात गेलो आणि काकीला पत्र शब्द न शब्द मराठीत सांगितलं. हो म्हणायचं का, असं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. ती वासराला सोडत होती. वासरू प्यालं, गाय पान्हवली, तिनं बादली घेतली, धार काढली, बादली आत नेऊन झाकली. मी तसाच उभा होतो. मग बाहेर आली.

"थांब म्हनावं त्यास्नी."

"किती दिस?"

"मी काढा म्हनंस्तवर."

पहिलं पोस्टर अजून तिथंच आहे. मी अर्ज भरला नाही, त्या संस्थेकडं पुन्हा गेलोही नाही. बाईंना मात्र उत्तर दिलं, एकाच शब्दाचं: न्गोजा. इतकी वर्षं त्या गावांत काम करतात, अर्थ ठाऊक असेलच.