छगनआबांची चौकशी

असोद्यात कुणाची सोयरीक ठरायची, तर आधी छगनआबांची चौकशी. आबा मुलाच्या घरी जायचेच नाहीत. घरचे काय, गोडच बोलणार! ते गाठायचे शेजाऱ्याला, नाहीतर पिठाच्या गिरणीवाल्याला. संशय हा त्यांचा स्वभावच, आणि त्याच्यामुळे गावच्या कितीतरी पोरी सुखात नांदत होत्या.

अशा माणसाच्या दारात परदेशी स्थळ चालून आलं, लग्नाचं नव्हे, जमिनीचं. केळीसाठी शीतगृह, शेजारी कंटेनरचा तळ. माल रेल्वेनं बंदरात, तिथून आखातात, पुढे थेट युरोपात. पैसा एका मित्रदेशाचा. चीननं जगभर नेलेल्या व्यापारी रस्त्याला हा आपला तोडीस तोड रस्ता, असं सरकारी अधिकारी छाती फुगवून सांगत होता. जागा हवी होती ती कोकिळाची. ही आबांची धाकटी बहीण. नांदणं मोडून आल्यावर वडिलांनी रस्त्यालगतचा मळा तिच्या नावावर केला होता. तेवढंच काय ते तिचं.

गाव हुरळलं. आबा मात्र एसटीनं साक्रीकडे गेले. तिथं याच देशानं पूर्वी गोदाम बांधायला घेतलं होतं. फाटकावरच्या रखवालदाराला त्यांनी रामरामही घातला नाही. समोरच राहणाऱ्या तानुबाईच्या ओट्यावर बसून पाणी मागितलं. वर कुठंतरी दोन सरकारांचं बिनसलं आणि तेव्हापासून इकडे कुणी फिरकलं नाही, असं तिनं सांगितलं. गोदामासाठी दिलेल्या जमिनीही गावकऱ्यांना परत मिळाल्या नव्हत्या. "येतस तव्हा गयरं गोड बोलतस, भाऊ," ती म्हणाली.

जमिनीच्या बोलणीसाठी गावात बैठक भरली, तिला परदेशी साहेब स्वतः आले. लोक भाव विचारत होते. आबा उठले.

"साहेब, मळा केळीसाठी मागता का चीनला खिजवायला? उद्या तुमची त्यांची दिलजमाई झाली, तर आमचं काय?"

अधिकारी हसला. देशादेशांच्या गोष्टी कशाला डोक्यात घेता, म्हणाला, आणि प्रश्न साहेबांना त्यांच्या भाषेत सांगितलाच नाही. साहेब आपले मान डोलावत राहिले. आबा पुन्हा विचारायला पुढे सरसावले.

पण बोलली कोकिळा. भावकीतल्यांनी तिला मागणी घातली होती, म्हणून सासऱ्यानं तिला सून करून नेलं होतं ते केवळ त्यांची जिरवायला. पुढे भावकीशी दिलजमाई झाली आणि हिची गरज संपली.

तिनं समोर ठेवलेला मळ्याच्या कराराचा कागद सही न करता मागे सरकवला आणि आबांकडे वळली.

"तव्हा माघारी याले बापाचं घर तरी व्हतं, भाऊ. हा मळा गेला त् मी कुठी जाऊ?"

आबांनी तो कागद उचलून अधिकाऱ्याच्या हातात दिला.