मंजूषा चव बघते

हार्लेम या डच शहरातल्या मंजूषा परचुरेने आयुष्यात एकच थाप मारली, आणि ती निस्तरायला तिला थेट थायलंडला जावं लागलं.

अठरा वर्षांपूर्वी ती नवऱ्याच्या, सुबोधच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून इथे आली. सुबोध झुइडास या कचेऱ्यांच्या भागात एका बँकेत. मंजूषाने मुलगी वाढवली, डच शिकली, मंडळाच्या गणपतीत दीडशे पानांचा मसालेभात रांधला. स्वतःची नोकरी मात्र कधी केली नव्हती. घराजवळच्या समाजमंदिरात दर बुधवारी दुपारी म्हाताऱ्यांची पंगत असते. तिथली स्वयंपाकीण निवृत्त झाली, तेव्हा मंजूषा विचारायला गेली. व्यवस्थापक मारेइके म्हणाली, "तीस माणसांचं जेवण करून दाखव. आवडलं तर काम तुझं. फक्त इंडियन नको, ते आधीच महिन्यातून दोनदा असतं."

"मला थाई येतं," मंजूषा बोलून गेली.

येत काय होतं? थाई हॉटेलात दोनदा जेवली होती, त्यात एकदा नुसतं सूप.

तिची मैत्रीण लतिका एनस्खेडेच्या विद्यापीठात संशोधक. बिनलग्नाची, कारण मला माहीत आहे, पण तो विषय वेगळा. ती पाठीवर सॅक टाकून चिआंग माईला ट्रेकला निघालीच होती. म्हणाली, "चल माझ्याबरोबर. दोन दिवस डोंगर, तीन दिवस स्वयंपाकाचा क्लास. परीक्षेच्या आधी परत."

पुढचं सगळं लतिकाच्या तोंडून ऐकलेलं. तिचा मसाला वजा करूनच सांगतो.

पहिल्याच चढावर मंजूषा वाकली. लतिकाने तिची सॅक उचलून बघितली. "काय गं, दगड भरलेस?"

"कुकर आहे. छोटा."

"डोंगरावर कुकर?"

"आणि भात कच्चा राहिला तर?"

वरच्या वाडीत ज्या घरी मुक्काम केला, त्या बाईला कुकर भेट देऊन मंजूषा हलकी झाली. पहिल्या शिट्टीला त्या घरच्या कोंबड्या रानात पळाल्या म्हणे.

खरी पंचाईत क्लासात झाली. शिकवणाऱ्या नोईबाई साठीच्या. मंजूषा शाकाहारी, म्हणून माशाच्या सॉसऐवजी सोयासॉस दिला, इथवर ठीक. पण पहिल्याच पदार्थाला, उखळात कुटलेल्या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीला, त्या म्हणाल्या, "चव बघ." मंजूषा हसून मान हलवत राहिली. पंचवीस वर्षं तिने मीठ वासावर आणि हाताच्या अंदाजाने घातलेलं. नैवेद्याआधी चव बघायची नाही, अन्न उष्टं होतं, ही सासूबाईंची शिकवण. नोईबाईंनी स्वतः घास घेतला आणि चेहरा लिंबू चोखल्यासारखा केला. दोन दिवस हेच. करी कधी खारट, कधी नुसती गोड.

"लिंबू रोज वेगळं, मिरची रोज वेगळी," नोईबाई म्हणाल्या. "हाताला काय कळणार?"

"अगं, इथे कुठला नैवेद्य दाखवायचाय तुला?" लतिका वैतागली. "तीस डच म्हाताऱ्यांना?"

तिसऱ्या दिवशी मंजूषाने शेजारी केळीचं पान मांडलं. चव बघायची वेळ आली की आधी चमचाभर पानावर, देवासाठी. मग चमचाभर जिभेवर. नोईबाईंनी नऊ वेळा चव बघायला लावली, म्हणजे देवाला नऊ वाढण्या झाल्या. पहिल्या पाच अळणी होत्या. देव काही बोलला नाही. नोईबाईंनी मात्र शेवटचा घास घेऊन मंजूषाची पाठ थोपटली.

परीक्षेच्या बुधवारी हिरवी करी जमली. मंजूषाच्या जिभेला अगदी पक्की. वाढायला दहा मिनिटं होती आणि ती पळी हातात धरून थबकली. जीभ तिची होती, सोलापूरची! जेवणारे तीसही जण मिठात उकडलेल्या बटाट्यावर लहानाचे मोठे झालेले.

तिने बाहेर बसलेल्या हेंक नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांना स्वयंपाकघरात ओढलं आणि चमचा पुढे केला. आजोबांचे कान लाल झाले. डोळे पुसत म्हणाले, "छान आहे. पण मला अजून थोडं जगायचंय."

नारळाच्या दुधाचे चार डबे ओतले. चमचा. अजून दोन. चमचा. सहाव्या चमच्याला हेंक आजोबा म्हणाले, "आता द्या."

पातेलं पुसून निघालं. मारेइकेने त्याच दुपारी विचारलं, "पुढच्या बुधवारपासून येशील?"

"येईन," मंजूषा म्हणाली. "पण हे आजोबा अकराला आत हवेत."

मारेइकेला वाटलं, तिला कांदे चिरायला मदतनीस हवाय. हेंक आजोबांनी तिचा गैरसमज दूर केला नाही. आता बायकोला सांगतात, मी कामावर चाललो.