झाकणावरचा हात

पातेल्याच्या झाकणाकडे कुणाचा हात गेला, की आमचे शेजारी आपला जाडजूड पंजा मधे घालत आणि म्हणत, "आता न्हाई. मुरू द्या."

केडगावात आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी नगरच्या कोर्टात कारकून, ते पलटणीत ट्रक चालवून निवृत्त झालेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इराकात असताना तुर्की बोलणाऱ्या एका म्हातारीच्या घरी त्यांनी टोमॅटोचा पिलाव खाल्ला आणि तिच्या चुलीपुढे बसून तो शिकून घेतला. आपल्याकडे माणूस परदेशातून घड्याळ आणतो. यांनी भात आणला.

तो भात आमच्या आळीच्या पचनी पडायला वेळ लागला. टोमॅटो चिरायचे नाहीत, किसायचे. तांदूळ धुऊन तुपावर परतायचा, मग तो रस, बेताचं पाणी, मीठ, मिरपूड. फोडणी नाही, हळद नाही. पाणी आटलं की पातेलं खाली उतरवून झाकणाखाली स्वच्छ पंचा घालायचा आणि गप्प बसायचं. पंचा वाफेचं पाणी टिपून घेतो आणि शीत न् शीत मोकळं होतं. माझी बायको त्याला आजाऱ्याचा भात म्हणे आणि ताटली मात्र सगळ्यांत आधी पुढे करी.

त्यांची बायको लवकर गेली. एकुलत्या मुलीला त्यांनीच वाढवलं, स्वयंपाकही त्यांनीच शिकवला. भात मुरेपर्यंत बापलेक पातेल्याच्या दोन बाजूंना बसत. त्यांच्या साऱ्या गप्पा तेवढ्या वेळात होत.

दुष्काळ सरल्यावर खर्डा गावचं स्थळ आलं. त्याआधीची दोन परत गेली होती. आईविना पोर, तिला वळण कुणी लावलं, असं लोक तोंडावर बोलत. हेही स्थळ गेलं असतं तर ते खचले असते, हे मला दिसत होतं. म्हणून मी परोपरीने सांगितलं, की या खेपेला गुपचूप कांदेपोहे करा. पण तो गडी ऐकेल तर शपथ. पोरगी जे रांधते तेच पाहुण्यांनी खावं, म्हणाले, उद्या तिच्याच हातचं खायचंय त्यांना.

पाहुणे आले. मुलाचा मामा माळकरी. त्याने 'पिलाव' हा शब्द ऐकला, पलटणीतला माणूस पाहिला आणि त्याच्या मनात भलतीच शंका आली. तो थेट स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"झाकन काढा. आत काय हाय ते बघू द्या."

पातेलं नुकतंच उतरवलेलं. मी त्यांच्या पंजाकडे पाहिलं. पंजा गुडघ्यावरच राहिला. जन्मभर कुणापुढे न वाकलेला हा माणूस पोरीच्या लग्नापायी झाकण उघडायला तयार झाला होता, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

तेवढ्यात मुलीनेच झाकणावर हात ठेवला. "टमाट्याचा भात हाय, मामा. मटन न्हाई. पन आता न्हाई उघडायचं. मुरू द्या."

मग मुलाची आई हसली आणि पदर सावरत पातेल्यापाशीच येऊन बसली. "बसा वो दादा," ती भावाला म्हणाली. "ही म्हनती तसं बसा. आईविना पोर म्हनत हुते लोक, पन वळन चांगलं हाय."

मामांनी भात दोनदा मागून घेतला. सुपारी तिथेच फुटली.

पोरगी सासरी गेली आणि थोड्याच दिवसांनी त्यांनी मला जेवायला बोलावलं. तेच पातेलं, तोच पंचा. मी चेष्टेने झाकणाकडे हात नेला. पंजा मधे आला नाही.

"उघडा," ते म्हणाले. "आता कशाला थांबायचं?"

मी हात मागे घेतला. समोर, तिच्या जागेवर, मांडी घालून बसलो आणि म्हणालो, "आता नाही. मुरू द्या."

ते हसले, पंजाने डोळे पुसले आणि इराकातल्या म्हातारीची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागले. पुढे ते होते तोवर ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की कंटाळा यायचा. आज ते असते, तर भात गार होईपर्यंत ऐकत बसलो असतो.